तात्यांची मोकळी ओळ

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार्जरच्या वायरींसारखे ते ड्रॉवरमध्ये आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या ज्युनिअर कॉलेजात पेन टॅबलेट आले, तेव्हापासून माझा ड्रॉवर बंदच होत नाही.

आणले मीच. शिक्षण सगळं बंगळुरात, अंगात उत्साह. बारामतीला घरी परतले आणि इंदापूर तालुक्यात शिकवू लागले. बारावीतली रुक्साना शेळगावहून यायची. सकाळच्या एसटीची वेळ बदलली आणि तिचं येणं थांबलं. तिचे वडील रसूलभाई, गावात किराणा दुकान. त्यांना म्हटलं, "वर्ग तिच्या मोबाइलवर पोचवते."

"सहामाहीपर्यंत बघतो, मॅडम. पोरगी शिकतीय हे मला दिसाय पायजे. न्हायतर नाव काढतो."

* * *

ट्रेनिंगच्या दिवशी बायोलॉजीच्या गायकवाड मॅडमनी दहा मिनिटं मन लावून चित्र काढलं आणि वैतागल्या, "पाटी कोरीच हाय की हो!"

कोरीच राहणार. लिहायचं पाटीवर, उमटणार लॅपटॉपवर. तिथं माझा रजेचा अर्ज उघडा होता. त्यावर झडपांसकट माणसाचं हृदय!

प्राचार्यांनी चष्मा सावरला. "एवढ्या कळकळीनं रजा आजवर कुणी मागितली नव्हती!"

रजा मिळाली नाही.

* * *

गणिताचे जाधव सर म्हणजे सगळ्यांचे तात्या. तीस वर्षं खडू.

"लिवायचं हितं आन् बघायचं तितं?"

मी म्हटलं, "तात्या, ट्रॅक्टर चालवताना मागं वळून नांगर बघताच ना?"

"तितं नांगर तरी दिसतो! हितं माझंच अक्षर मला वळखू यीना!"

* * *

एका सोमवारी चारही टॅबलेट गायब. शोधून दमले. क्लार्कभाऊंनी कपाटात कुलूप लावून ठेवले होते.

"महाग वस्तू हाय, मॅडम. वापरली तर खराब होईल!"

त्या दिवशी मी वाद घातला नाही. फक्त किल्ली मागितली.

* * *

तात्यांची एक जुनी सवय. गणितातली अवघड ओळ ते मोकळी सोडतात, "पुढं काय?" विचारतात आणि कुणी सांगेपर्यंत हलत नाहीत. त्यामुळं त्यांच्या नोट्सच्या पीडीएफमध्ये जागोजागी भगदाडं! पालकांचे फोन आले, "नोट्स अर्धवट हायत." रविवारभर बसून मी सगळ्या ओळी भरल्या आणि ग्रुपवर टाकल्या.

सोमवारी तात्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभे. "पोरांच्या तोंडातला घास तुमी का खाल्ला?"

* * *

सहामाही आली. रुक्साना रोज ऑनलाइन दिसायची, पण मोबाइलचा माइक बिघडलेला. तिला आमचं ऐकू यायचं, तिचं आम्हाला नाही. रसूलभाई नाव काढायचा अर्ज घेऊनच आले.

"फोन म्होरं बसती, व्हय. पण शिकती का नुसती बसती, कसं कळायचं?"

मी त्यांना तात्यांच्या वर्गात नेलं. "एक तास बसा," म्हटलं. ते शेवटच्या बाकावर बसले.

त्या सकाळी थकव्यात माझी एक चूक झाली होती. लिंक पाठवताना स्क्रीनवर लिहायची परवानगी सगळ्या पोरांनाच दिली गेली.

तात्यांनी गणित मांडलं, ओळ मोकळी सोडली. "पुढं काय?"

पोरं वहीत बघत बसली. तात्या जागचे हलले नाहीत.

मग भिंतीवरच्या स्क्रीनवर, त्या मोकळ्या ओळीत, बोटानं लिहिल्यासारखं वाकडं अक्षर उमटायला लागलं. शेवटी उणे सात. साताच्या पोटातून आडवी रेघ.

तात्या पुढं वाकले. "असा सात माझ्या वर्गात एकटीच काढती. रुक्साना! सगळं बरोबर हाय, चिन्ह बघ की गं!"

रसूलभाई बाकावरून उठून उभे राहिले.

उण्याच्या मधोमध एक उभी रेघ उतरली.

"आता बरोबर हाय का?" रसूलभाईंनी हळूच विचारलं.

तात्यांनी वळून बघितलं नाही. हाताकडंही नाही, नजर स्क्रीनवरच. पेन खाली सरकवलं आणि पुढची ओळ मोकळी सोडली.