गॅरेजमधलं मखर आणि केतकीचा इंटरव्ह्यू

भाचीला मी स्वच्छ सांगितलं, "ट्रेन नाही, बस नाही. मी ड्राइव्ह करते, तू शेजारी बसून भाषणाची प्रॅक्टिस कर." केतकी, माझ्या बहिणीची मुलगी, इथे पीएचडी करते. विषय असा, की नातेवाइकांना सांगताना तिची आई 'पॉलिटिक्स' एवढ्यावर भागवते. बंदुका घेतलेल्या इस्लामवादी संघटना पुढे सरकार चालवणारे पक्ष कशा होतात, हा तो विषय. वॉशिंग्टनच्या एका संशोधन संस्थेत तिचा नोकरीसाठी इंटरव्ह्यू होता. आधी भाषण, मग प्रश्न. व्हिसाची मुदत संपत आलेली. ही नोकरी नाही मिळाली तर बॅगा भरून नाशिक.

आमच्या मॉरिसव्हिलहून सकाळी निघालात तर वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला जेवायला पोहोचता, असं लोक सांगतात. ते लोक रविवारी निघालेले नसतात. फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास टोलची एक्सप्रेस लेन घ्या. दर बघून जीव कळवळतो, पण गाडीत म्हातारं होण्यापेक्षा बरं. थालीपीठं घरून न्या. वाटेतल्या गॅस स्टेशनवर शाकाहारी म्हणजे केळं.

केतकीच्या भाषणाचं सार असं: सत्ता आली की कचरा उचलावा लागतो, पगार द्यावे लागतात, वीज गेली की लोक तुमच्या नावाने बोटं मोडतात. कालचा कमांडर आज पाणीपुरवठा मंत्री होतो आणि हळूहळू मवाळ होतो.

"पाणीपुरवठ्याने माणूस मवाळ झालेला कुठे पाहिलास?" मी विचारलं.

"मावशी, यू आर नॉट द पॅनेल."

"पॅनेल माझ्याहून बरं असेल."

हर्नडनला शिरीषकडे उतरलो. माझ्या नवऱ्याचा कॉलेजातला मित्र, रिटायर्ड इंजिनियर, तिथल्या एका मराठी मंडळाचा अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी आरत्यांच्या क्रमावरून भांडून हाच माणूस गट घेऊन बाहेर पडला आणि एका शाळेच्या हॉलमध्ये वेगळा गणपती बसवू लागला. मग परत येऊन मंडळाची निवडणूक लढवली, जिंकली. आता पार्किंगवरून लोकांवर तोच ओरडतो.

"ही बघ तुझी थिअरी," मी केतकीला म्हटलं. "बंडखोर खुर्चीत बसला आणि जेवणाची कुपनं छापायला लागला."

"मावशी, तिकडे माणसं मरतात. बंदूक हाच तर फरक आहे."

बरोबर होतं तिचं.

माझी गाडी आत लावायला शिरीषने गॅरेज उघडलं, तर पाय ठेवायला जागा नाही. मखर, ढोल, स्पीकर, सतरंज्या. फुटलेल्या गटाचं सगळं सामान. त्याची स्वतःची गाडीही बाहेर ड्राइव्हवेवर.

"काका, हे मंडळाच्या स्टोरेजमध्ये का नाही?" केतकीने विचारलं.

"ते मंडळाचं. हे आमचं."

"पण आता मंडळ तुमचंच आहे ना?"

"आहे गं. पण पुढची निवडणूक हरलो तर?"

केतकीने एकदा मखराकडे बघितलं, एकदा बाहेरच्या गाडीकडे. जेवल्यावर लॅपटॉप उघडला आणि भाषणाचा शेवट डिलीट केला.

"इंटरव्ह्यू उद्यावर आलाय, केतकी."

"माहितीये. पण शेवट चुकीचा होता."

दुसऱ्या दिवशी मेट्रोने वॉशिंग्टन. स्टेशनवर पार्किंग आहे, शहरात गाडी नेण्याचा वेडेपणा करू नका. भाषणाला बाहेरच्यांना बसू देत होते, म्हणून मी मागच्या रांगेत. केतकी म्हणाली, पक्ष झाला की नाही हे मंत्रालयात कळत नाही. शस्त्रं कोणाच्या ताब्यात आहेत आणि निवडणूक हरल्यावर ही माणसं घरी जातील का, ते बघा. कुणी शस्त्रं खाली ठेवली. कुणी त्याच पोरांना पोलिसांचा गणवेश घातला. कुणी दोन्ही ठेवलं, सभागृहात आमदार आणि डोंगरात फौज.

पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, "मग सत्तेने ते मवाळ होतात की नाही?"

"काही होतात. काहींना फक्त ऑफिस मिळतं. कालपर्यंत मी दोन्ही एकच समजत होते."

कालपर्यंत. मी डोळे मिटले. नोकरी मागायला आलेल्या पोरीने इतकं खरं बोलावं का? परतीच्या वाटेवर तिने उरलेली सगळी थालीपीठं खाल्ली, मी टोलकडे बघितलंसुद्धा नाही.

निकाल थंडीत आला. नोकरी मिळाली. मॉरिसव्हिलच्या स्वयंपाकघरातून मी शिरीषला फोन लावला.

"पेढे कधी, वहिनी? मीही परत निवडून आलो, बिनविरोध."

"अभिनंदन. मग मखर दिलंस मंडळाला?"

पलीकडे कसला तरी खरखर आवाज येत होता.

"बघू हो," तो धापा टाकत म्हणाला. "आत्ता जरा गाडीवरचा बर्फ खरवडतोय."