कानोबा कुठं शिरवला?

मंडळी, आज आमचा कानोबा शिरवला, म्हणजे पाण्यात सोडला. पण मन काही निवून नाही राहिलं, म्हणून लिहिते.

आमचं गाव मोहाडीजवळ. गोकुळाष्टमीला बसवलेला मातीचा कानोबा दुसऱ्या दिवशी गावच्या बोडीत सोडायचा, ही रीत. आता साऱ्या गावाचं सांडपाणी त्याच तळ्यात येते. आई मूर्ती घेऊन काठावर थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "देवाले या नालीत ढकलू का? मले नाही होत."

बाजूलाच सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे. बांधला, पण एक दिवसही चालला नाही. फाटक मोडलेलं, आत कमरेएवढं तरोट्याचं रान. आत हातपंप तरी असेल, बादलीभर चांगल्या पाण्यात शिरवू म्हणून आम्ही आत गेलो.

मोठ्या टाकीत डोकावलो तर पाणी! पावसाचं, नितळ. कडेला बेडकं बसलेली. नालीचा थेंब तिथवर कधी पोचलाच नव्हता.

आईनं तिथंच आरती केली आणि कठड्यावरून वाकून कानोबा सोडला. "बोडी वाचवाले बांधलं होतं ना हे?" तिनं विचारलं. याच बोडीतले शिंगाडे खाऊन मी मोठी झाले.

परत येताना शेजारच्या काकूनं दारातूनच विचारलं, "कुठं शिरवला वो कानोबा?"

"बोडीत," आई म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता घरात गेली.

माझी आई खोटं बोलत नाही. आज देवाच्या बाबतीत बोलली.

तुमच्या गावचा कानोबा कुठं शिरवला? खरं सांगा.