पट्टीवरचा पत्ता

आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या हाताची बोटं कुपवाडच्या कारखान्यात प्रेसखाली गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी विकण्यासाठी पहिल्यांदा चटणी केली. आमच्या भागात वर्षभराच्या तिखटाला, कांदा-लसूण घालून कुटलेल्या मसाल्याला, चटणी म्हणतात. मी ती मलकापूरला माहेरी आईच्या हाताखाली शिकले. करणं अवघड नव्हतं. विकायची कशी, तेच कळत नव्हतं. मला परक्या माणसासमोर शब्द फुटत नाही. दुकानात गेले तर मागून आलेल्यांना आधी माल मिळतो आणि मी पिशवी धरून उभी असते.

बोलणारी एक मिळाली. मालकांचे कारखान्यातले एक सोबती जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली चटणी मागून खायचे. ते मराठा, आम्ही बौद्ध. पण तिथे सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे आणि कुणी तोंड फिरवायचं नाही. ते एकदा चटणीची पुडी बांधून घरी घेऊन गेले. त्यांची बायको सांगलीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. त्यांना मी वैनी म्हणायची. त्यांनीच मला बोलावून घेतलं.

"तू करून दे, खपवायचं मी बघती," वैनी म्हणाल्या. "फकस्त पुढं येऊ नगंस. लाजतीस न्हवं? बोलायला मी हाय की."

मला बरंच वाटलं. बोलायचं नाही यासारखं सुख नव्हतं.

वैनींची रीत मोठी हुशारीची होती. शिलाई मशीनशेजारी एका बशीत तेलात कालवलेली चटणी आणि भाकरीचे तुकडे ठेवायच्या. माप द्यायला आलेल्या बाईला विकत घ्या असं कधी म्हणायच्या नाहीत. "जरा चाखून बघा" एवढंच. पुढच्या खेपेला ती बाई आपणहून विचारायची. मग वैनी सांगायच्या, "माझ्या वळकीची एकजण करती. लय निगुतीनं करती, पर थोडीच करती." थोडीच म्हटलं की मागणारी आणखी मागे लागायची. एकीने जावेला सांगितलं, जावेने शेजारणीला, आणि पुढे पुढे कोण कुणाचं हे वैनींनाही सांगता येईना. एका नव्या सुनेची आई वाईहून आली होती, तीसुद्धा जाताना घेऊन गेली. प्रत्येकजण आपला स्टीलचा डबा आणून द्यायची, झाकणावर स्वतःचं नाव कोरलेलं. मी पडद्यामागच्या खोलीत बसून ते भरायची. बाहेरचं सगळं ऐकू यायचं.

"काय चव आहे हो हिच्या हाताला!" कुणीतरी म्हणायचं. मी आत बसून मान खाली घालून हसायची.

त्या डब्यांवर आमचं घर चालायला लागलं. मुलीला शाळेतून काढून कामाला लावायचं बोलणं घरात सुरू झालं होतं, तेही थांबलं.

मालकांना मात्र घरी करमत नव्हतं. डाव्या हाताने पाण्याची घागर उचलायला शिकले होते, पण तेवढं पुरत नाही माणसाला. आमच्या भागात केबलवाला संध्याकाळी सिनेमा लावायचा आणि पडद्याच्या खालच्या बाजूने जाहिरातींची पट्टी सरकत राहायची. मंगल कार्यालयं, साड्यांचा सेल, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. मालकांच्या मनात आलं, आपलीही द्यावी.

"दुसऱ्याच्या दारात किती दिस बसशील? गिऱ्हाईक आपल्या दारात आलं पायजे."

"वैनीस्नी इचारू का आदी?"

"आपला पत्ता लिवायला कुणाला इचारायचं? चोरी हाय का ती?"

त्यांचं बरोबरच होतं. आमच्या वस्तीचं नाव मात्र असं आहे, की ते वाचल्यावर आमच्याबद्दल कुणाला पुढचं काही विचारावं लागत नाही.

ज्या दिवशी पट्टी लागली त्या संध्याकाळी आम्ही शेजारच्या आजींकडे टीव्ही बघायला गेलो. निम्मी वस्ती जमली होती. पट्टी आली. मी माझं नाव वाचलं तोवर ती निघूनही गेली.

"आरं, पळतीया कशाला ती? वाचू द्या की तिला," आजी म्हणाल्या. "चौथी शिकलीया, तिला वाईच येळ लागतो."

सगळे हसले. दुसऱ्या खेपेला 'घरगुती कांदा-लसूण चटणी' वाचलं, मग कधीतरी पत्ता. माझं नाव असं मोठ्या अक्षरात मी कधी बघितलं नव्हतं.

"आता गिऱ्हाइकांची रांग लागंल हिच्या दारात," एक शेजारीण म्हणाली. "बाई गं, आमाला नळावर जायला वाट तरी ठेव."

मालक दुखरा हात मांडीवर ठेवून पुन्हा पट्टी यायची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वैनींकडे डबे भरत होते. बाहेर एक बाई आली. आवाज ओळखीचा होता. हाताच्या चवीचं कौतुक करणारी तीच.

"काल पट्टीत वाचलं," ती म्हणाली. "चटणी करणारी तुमची बाई तीच का हो?"

मशीन थांबलं. "कोण म्हंता?"

"पत्ता त्या वस्तीतला आहे. तुम्हाला माहीत होतं का?"

मग वैनींचा आवाज आला. "न्हाई बाई. मला कुठलं ठावं? कोणतरी आणून द्यायचं, मी ठेवायची."

"आमच्याकडे कुळदेवाच्या नैवेद्याला कांदा-लसूण चालतो, तो स्वयंपाक त्याच तिखटात होतो. सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

"आवं, माझ्या बी घरात तेच हाय की. मी तरी काय करू?"

त्या बाईचाच डबा माझ्या मांडीवर होता, अर्धा भरलेला. चमचा खाली ठेवला तर वाजेल म्हणून मी तो तसाच हातात धरून बसले. ती गेली, मशीन पुन्हा सुरू झालं, तरी वैनी पडदा सारून आत आल्या नाहीत. मी मागच्या दाराने निघाले.

मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. कुणाला बोलावं लागलंच नाही, मी कधी कुणासमोर आलेच नव्हते. हळूहळू भरायला डबे येईनात. जे भरायला म्हणून मी आधी घरी आणले होते त्यांतले काही बायकांनी निरोप पाठवून रिकामे मागवून घेतले. काही कुणी मागितलेच नाहीत. नाव कोरलेला स्टीलचा डबा बाई सहसा कुणाकडे सोडत नाही. त्यांनी सोडले.

पडद्यामागे काय ऐकलं ते मी मालकांना सांगितलं नाही. पट्टी थोडेच दिवस चालली म्हणून लोकांच्या ध्यानात राहिली नाही, असं त्यांना वाटायचं. बरेच दिवस ते संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून उंबऱ्याशी बसायचे. कुणी चालत येताना दिसलं की सरळ व्हायचे.

मी सांगलीत एका व्यापाऱ्याच्या गोदामात मिरचीचे देठ खुडायला जायला लागले. तिथेच तिखट कुटून पाकिटं भरायचे आणि ती सगळीकडच्या दुकानांत जायची. खुडणाऱ्या बहुतेक आमच्याच वस्तीतल्या. पाकिटावर पत्ता व्यापाऱ्याचा.

"नीट खुडा गं," एकजण म्हणायची, "निवदाला जायचं हाय ते." आम्ही हसायचो, मग खोकायचो. मीही हसायची.

मुलीची शाळा सातवीनंतर सुटली. दिवाळीच्या सुमारास तीही माझ्याबरोबर गोदामात येऊ लागली.

त्यानंतर एकदा दिवेलागणीला वैनी आल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. पुढच्या दाराने नाही, मोरीच्या बाजूने. हातात त्यांचा स्वतःचा डबा होता.

"आमच्या ह्यांना दुसरी चटणी चालंना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरापुरती दे. कुणापुढं बोलू नगंस तेवढं."

बरणीत होती, न खपलेली. घरात पैशाची गरजही होती. त्यांचे उपकारही आठवत होते, तेही खोटे नव्हते.

"संपली," मी म्हणाले.

चुलीवर तीच चटणी घालून कालवण उकळत होतं. घरभर वास भरला होता. वैनींनी चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या आणि आल्या तशा मोरीच्या बाजूने निघून गेल्या.

मालक पुढच्या दाराशी बसले होते. "कोण हुतं गं?"

"गिऱ्हाईक."

"पट्टी वाचून आलं असंल," ते म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी असा चढला होता.

मी त्यांचं ताट वाढलं आणि त्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं.