स्लाइडवरचा नऊ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. देवाला हात जोडते तेही सवयीनं! मेणात बसवलेलं मांस कापून जिचं पोट भरतं, तिला असली थेरं परवडत नाहीत. तरी हे लिहितेय...

साठच्या दशकातलं मद्रास. एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. आम्ही तंजावरकडचे मराठी, लॅबमध्ये बाकी सगळे तमिळ.

माझी थोरली बहीण, अक्का. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. चार महिने लपवलं तिनं. मला कळलं तेव्हा म्हणाली, "अय्यो, कोणास सांगू नको गं!" दहा वर्षांपूर्वी आईही अगदी हेच म्हणाली होती आणि त्यातच गेली. या वेळी मी ऐकलं नाही. अक्काला ओढतच इस्पितळात नेलं.

गर्भाशयातून खरवडलेले कण बाटलीतून माझ्याकडेच आले. मेणाच्या ठोकळ्यात बसवले, वरवरचे पातळ काप काढले, रंगवले, काचेच्या स्लाइडवर हिऱ्याच्या पेन्सिलीनं नंबर कोरला — 794. लॅबमध्ये आकडे इंग्रजीच असत. डॉक्टरांनी पाहिलं.

"नथिंग. उद्या घरी जाऊ दे."

मी इतकी हरखले, की ठोकळा आणखी खोल कापायचं सुचलंच नाही. लॅबला कुलूप मीच लावलं. रात्रभर वॉर्डात अक्काजवळ बसून होते. तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, मी हलले असते तर तिला कळलं असतं.

सकाळी कुलूप उघडलं, तर ट्रेमध्ये एक स्लाइड जास्त! रंगवलेली, वाळलेली. काप काढायच्या यंत्राखाली मेणाचा ताजा भुगा. अक्काचा ठोकळा कालच्यापेक्षा खोल गेलेला. आणि काचेवर — ७९४. मराठी आकडे! लॅबमध्ये ते फक्त मला येत, पण अक्षर माझं नव्हतं. नऊचं शेपूट लांब ओढून डावीकडे वळवलेलं... लोणच्याच्या बरण्यांवर आई असाच नऊ काढायची. स्लाइड उचलून मी थेट डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होते.

"हे कुणी कापलं?"

"मीच, सर." दुसरं काय सांगणार?

"कॅन्सर आहे. वरच्या कापांत आलाच नव्हता."

मग मी स्वतः आणखी काप काढले, त्यांतही तेच. घरी जायचं रद्द झालं. अक्काचं गर्भाशय काढलं, तेही आम्हीच कापून तपासलं. रोग स्नायूत फारसा शिरला नव्हता. अक्का पुढं वीस वर्षं जगली.

ती स्लाइड माझ्याकडे आहे. रंग पार उडालाय, नऊ तसाच आहे.

आईचे डागाळलेले कपडे वर्षभर मीच धूत होते. मला सगळं ठाऊक होतं आणि तिच्या शब्दाखातर गप्प बसले. राग येतो, रडू येतं... अगं आई, अक्कासाठी कुलूपबंद खोलीत आलीस, मग तुझ्या वेळी मला का गप्प बसवलंस?