हात धुतल्यानंतर

कळमनुरीच्या एका दवाखान्यात नव्या मदतनीस बायकांना तयार करायचं काम माझ्याकडे आहे. पेशंटला उठवून बसवणं, अंग पुसणं, भरवणं, चादर बदलणं. शिकवायला मला आवडतं. नंतरची परीक्षा घ्यायला आवडत नाही, पण घेते, आणि कडक घेते. माझ्या माघारी बायका मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

हात धुण्यावर माझा सगळा जोर. बोटांच्या फटी, अंगठे, नखं, मनगटं. धुतलेला हात चपलेला, पदराला, जखमेला, कशालाही लागला की पुन्हा बेसिन. बायका घरच्या पितळी भांड्यांसारखे हात घासतात, तरी मी मान डोलावत नाही.

त्या तुकडीत डोंगरकडा गावची एक सून होती. तिच्या हाताला गुण होता. कण्हणारं माणूस तिने कुशीवर वळवलं की गप्प व्हायचं. घरून तिला एवढीच मुभा होती: परीक्षा एकदाच द्यायची. पास झाली तर नोकरी, नाही तर मुकाट्याने घरी. हे ठरवलं होतं तिच्या चुलत सासऱ्यांनी, आणि त्या घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

परीक्षेला मी खिडकीजवळचा पेशंट निवडला. आदल्या दिवशीच भरती झालेले म्हातारे. साखरेचा आजार, पायाला चिघळलेली जखम, उजव्या हाताला सलाईन. त्यांना भरवायचं होतं. त्यांना पाहताच तिने डोक्यावर पदर ओढला, तेव्हा केसपेपरवरचं गाव पाहून मला कळलं, हेच ते चुलत सासरे.

"दुसरा पेशंट देऊ का?" मी हळूच विचारलं.

"न्हाई सिस्टर. दुसऱ्याकडं गेले तर त्यायला वाईट वाटंल."

तिने हात धुतले. इतके नेटके की मला बोट ठेवायला जागा नव्हती. मग ती पलंगाशी गेली, वाकली आणि दोन्ही हातांनी त्यांचे पाय शिवून नमस्कार केला. पट्टी बांधलेला पायसुद्धा.

बेसिन तिच्या पाठीमागेच होतं. तिने एकदा तिकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. चूक तिला कळली होती. पण थोरल्यांच्या पाया पडायचं आणि त्यांच्याच देखत हात धुवायचे? ते मलाही जमलं नसतं, आणि म्हणूनच बहुधा मला जास्त राग आला. तिने चमचा उचलला.

"थांब," मी म्हणाले, आणि तिला नापास केलं.

ती रडली नाही. एप्रन काढून घडी घालून ठेवला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. शेरा मात्र मी बदलला नाही.

दुपारी पट्टी बदलताना म्हाताऱ्यांनी विचारलं, "काहून नापास केली वो पोरीला? बराबर तर करून राहिली होती."

मी जखमेवरचा कापूस त्यांच्यासमोर धरला. "याला लागलेला हात तुमच्या तोंडाशी येत होता."

"मंग धुवायचा की."

"तुमच्यासमोर?"

त्यांनी मान उचलून स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

दवाखान्यात परीक्षा पुन्हा देता येते. तिच्या घरात येत नव्हती. संध्याकाळी ती त्यांचा डबा घेऊन आली, तेव्हा ते तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "सिस्टर, हिची परीक्षा फिरून घ्या. याच पलंगावर."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तसेच नेटके हात धुतले, पलंगाशी आली आणि सवयीने वाकू लागली. लग्नापासूनची सवय एका रात्रीत थोडीच जाते? मी ओरडणारच होते. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी दोन्ही पाय चादरीखाली ओढून घेतले. जखम घासली असावी, कळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

"आधी जेवू घाल," ते म्हणाले.

तिने चमचा उचलला. त्यांनी आ केला.