मूळ कॅसेट दुसऱ्याला, नक्कल स्वतःला

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर माझे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते. कॅसेटही भरून द्यायचो. नव्वदीच्या सुरुवातीला एक दिवस गौतमतात्या साळवे वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट घेऊन आले आणि "हिची नक्कल पायजे," म्हणाले. तीच आमची पहिली ओळख.

मी कॅसेट लावली. गिटारवर कुणी परदेशी माणूस एकेक ओळ ओढत गात होता. मला वाटले, मशीनची मोटर दमली. स्क्रू फिरवून वेग वाढवला.

"अहो, ऱ्हाऊ द्या!" तात्या हसू लागले. "मशीन ठणठणीत हाय. गडीच असा गातोय. ह्याला ब्लूज म्हणत्यात."

मी स्क्रू अंदाजाने मागे घेतला. तो अंदाज पुढे माझ्या अंगाशी आला, ते सांगतोच.

तात्या वडगाव निंबाळकरच्या दूध केंद्रावर फॅट तपासत. दुधात पाणी दिसले तर सख्ख्या चुलत्यालाही तोंडावर सांगत. सुट्टीत पुण्याच्या जुन्या बाजारातून ब्लूज आणि रॉकच्या जुन्या कॅसेटी शोधून आणत. दर रविवारी दुपारी बारामतीत त्यांच्या घरी आम्ही सात-आठ वेडे जमत असू. ज्याला जे गाणे आवडेल त्याला तात्या ती कॅसेट देऊन टाकत. पण मूळ कॅसेट. स्वतःला मी भरलेली नक्कल. "त्येनं पहिल्यांदा ऐकलंय, त्येला चांगलं ऐकू द्या. मला पाठ हाय," हा त्यांचा नियम. वहिनी आतून टोमणा मारत, "परक्याचं रडगाणं वाटायला लई हौस ह्यांना!" आणि चहाही पाठवत.

असे तीनेक वर्षे चालले. एका रविवारी कोऱ्हाळ्याचे बबनराव, ऊसवाले, आपली मूळ कॅसेट घेऊन आले. ती वाजवली, आणि लगेच तात्यांकडची नक्कल लावली. बबनराव ओरडले, "आरं, हे तर उधळलेल्या बैलागत पळतंय!"

सगळे खो खो हसले. मला मात्र पहिल्या दिवशी फिरवलेला तो स्क्रू आठवला. तात्यांच्या कामासाठी वेगळे ठेवलेले ते मशीन त्या दिवसापासून वेगातच चालले होते. मोठ्या मनाने मूळ कॅसेट वाटणाऱ्या माणसाच्या घरात मी तीस-चाळीस बिघडलेल्या नकला भरून ठेवल्या होत्या. वाटले, आता ह्या घराची पायरी चढायला तोंड राहिले नाही.

"तात्या, तुमाला कळलं नव्हतं?"

"पैल्याच दिवशी कळलं."

"दुधातलं पाणी लगेच सांगता, मग हे का न्हाय सांगितलं?"

"दत्तोबा, पाणी घालत्यात ती लबाडी. ही चूक. सांगितलं असतं तर तुमी हात आखडला असता, आन् कॅसेटी वाटायचं थांबलं असतं."

पुढच्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या मूळ कॅसेटी आणल्या. पिशव्याच पिशव्या! मी मशीन नीट करून सगळ्या पुन्हा भरल्या. फक्त पहिल्या दिवसाची ती कॅसेट राहिली. ज्यांना दिली होती त्यांच्या टेपने ती चावून टाकली होती. तात्यांचे सर्वांत लाडके गाणे आता फक्त माझ्या पळत्या नकलेत उरले होते.

मी घरून जुना टेपरेकॉर्डर आणला, नक्कल लावली आणि मोटरचा वेग उतरवू लागलो. तात्या डोळे मिटून बसले. "अजून... अजून जरा... आता लई झालं." बराच वेळ जमेना. तात्याही गोंधळले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "हां! आता आला बघा तो जाग्यावर."

तात्यांनी डोळे उघडले. तोच मूळचा वेग. इतकी वर्षे टोमणे मारणाऱ्या माउलीला गाणे आमच्यापेक्षा पक्के पाठ होते! त्या दिवशी चहा तात्यांनी केला.

तो स्क्रू मी तिथेच लाखेने पक्का केला. त्या टेपवर दुसरे काहीही लावा, रेंगाळते. तेवढे एक गाणे मात्र जसे गायले तसे येते. आजही तो टेप तात्यांच्या कपाटावर आहे.

तात्यांची पंचाहत्तरी झाली. आम्हा सर्वांच्या वतीने एवढेच मागणे: पुढची वर्षे त्याच टेपवरून यावीत. सावकाश, एकेक ओळ ओढत, निरोगी. आणि वेग चुकला तर सांगायला आत वहिनी असाव्यात.