दोन वाजताचं तापमान

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात आणि प्रत्येक फोनमागे कुणाचं तरी मशीन बंद पडलेलं असतं. कारखान्यातलं कंट्रोल पॅनेल, म्हणजे विजेचं लोखंडी कपाट, थंड ठेवायची साधनं आम्ही विकतो. नारायण पेठेत ऑफिस, माणसं तीन. कुठे काय लागेल ते माझी बायको मेधा निवडायची, बसवायचे कांबळे, आणि मी नुसता बोलायचो. मेधाला जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझ्यापुढे प्रश्न एकच: आता निवडणार कोण?

*

वारज्याचे एक कारखानदार. पॅनेलचं दार सताड उघडं, समोर टेबलफॅन! "मॅडम, असं ठेवलं की एकदम गार राहतं."

मेधा म्हणाली, "मग कपाट कशाला घेतलंत? सगळं टेबलावरच मांडायचं."

*

दुसरे एक अडून बसले, "मोठ्यातला मोठा पंखा द्या."

"शेडमध्ये तापमान किती?" मेधाने विचारलं.

"पंचेचाळीस."

"आणि पॅनेलमध्ये किती हवंय?"

"चाळीस."

"पंखा बाहेरचीच हवा आत ढकलणार. चाळीस कुठून होईल?"

"बरं, मग दोन पंखे लावले तर?"

मेधाने फोन माझ्या हातात दिला. "अहो, यांच्याशी तुम्ही बोला. मला फक्त गणित येतं."

*

खंडेनवमीला मशीनची पूजा होते. एका कारखान्यात दुसऱ्याच दिवशी पॅनेल तापून मशीन ट्रिप! कांबळे विश्रांतवाडीहून तडक तिकडे गेले. कामगारांनी भला थोरला झेंडूचा हार हौसेने पॅनेल एसीच्या जाळीवरच बांधला होता. हवा आत जायला वाटच नाही.

कांबळे हार सोडायला लागले तर सुपरवायझर आडवा आला. "अहो, पूजेचा हार आहे!"

"असू द्या की," कांबळे म्हणाले. "पण हार गळ्यात घालतात, नाकावर नाही."

*

मेधा गेल्यानंतरच्या महिन्यातला फोन.

"मॅडमना द्या."

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

"काय अडचण आहे सांगा, मी बघतो."

"तुम्ही? नको, तशी काही घाई नाहीये!"

मे महिना होता.

*

हडपसरचे तांबोळीचाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छपाई करतात. मशीन एकच. ते थांबलं की सगळं थांबलं. मेधा गेल्याचं आणि मी आजवर काहीच निवडलेलं नाही हे ठाऊक असूनही ते म्हणाले, "या खेपेला तुम्ही निवडा."

आतल्या एकेका भागाची उष्णता मी तीनदा मोजली. शेडमध्ये पुठ्ठ्याची धूळ, म्हणून पंखा बाद केला. पॅनेल एसी निवडला, कांबळेंनी बसवला. आत पस्तीसच्या वर जाता कामा नये, एवढंच.

पण मला ऑफिसात बसवेना. रोज भर दुपारी दोनला मी हडपसरला हजर. थर्मामीटर बघायचा: पस्तीस. परत यायचं. पेठेत गाडी लावता लावता वाटायचं, आत्ता किती असेल?

नवव्या दिवशी चाचा म्हणाले, "अहो, तुम्ही आलात की आमची माणसं काम सोडून तुमच्याकडे बघत बसतात. उद्यापासून येऊ नका. मी दोनला फोन करून आकडा सांगत जाईन."

दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला फोन. "पस्तीस." ठेवला.

तिसऱ्या दिवशी, "चौतीस." ठेवला.

उन्हाळा संपला, पाऊस होऊन गेला, दिवाळी झाली. फोन चालूच. "चाचा, आता पुरे," असं दोनदा म्हणायला गेलो. तोवर त्यांनी ठेवलेला असायचा.

परवा कांबळे हडपसरहून थेट ऑफिसात आले. "चाचांचं मशीन दुरुस्तीला खोललंय," म्हणाले. "पॅनेलची वीज काढून पंधरा दिवस झाले."

मी घड्याळाकडे बघितलं: दोन. फोन वाजला.

"पस्तीस," चाचा म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.